सजीव शाई

राजधानीतल्या प्रयोगशाळेत डॉ. यात्ता बोकारी हिने आपलं बोट दिव्याखाली धरलं. नखाच्या मुळाशी निळा ठिपका चमकला.

समोर निवडणूक आयोगाचे प्रमुख, निवृत्त न्यायमूर्ती कपाना सेसे बसले होते. कासोंबे या पश्चिम आफ्रिकेतल्या किनारी देशात मागच्या निवडणुकीत लोकांनी पपईच्या चिकाने शाई पुसून दोनदोनदा मतं दिली होती. निकालानंतर रस्त्यावर उतरलेल्या जमावावर राष्ट्राध्यक्षांच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत यात्ताचा धाकटा भाऊही होता. ही शाई तिने त्यानंतर बनवायला घेतली.

"हे सूक्ष्मजीव नखाच्या मुळाशीच वाढतात," ती म्हणाली. "धुऊन जात नाहीत, खरवडून निघत नाहीत. चाळीस दिवसांनी आपोआप मरतात."

"आणि एकाच्या बोटावरून दुसऱ्याच्या बोटावर गेले तर?"

"त्यासाठी ओली त्वचा तासन्‌तास चिकटून राहावी लागेल. इतका वेळ कोण कोणाचा हात धरून बसतं?"

न्यायमूर्तींनी सही केली.

मतदान दोन टप्प्यांत होतं. आधी किनाऱ्यावर, तीन आठवड्यांनी डोंगराळ भागात. यात्ताने किनाऱ्यावरच्या राजधानीत मत दिलं आणि ती आईकडे डोंगरातल्या कोयाला गावी गेली. गावात तापाची साथ होती. किनाऱ्यावर नोकऱ्या करणारी बरीच माणसं मतदान उरकून घरच्यांच्या शुश्रूषेला आली होती. यात्ताची आई मासा गावची दाई. तीही अंथरुणाला खिळली होती. सहा दिवस यात्ता तिच्या उशाशी बसून होती. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, घामेजलेला हात हातात घेऊन बसायचं. सातव्या दिवशी ताप उतरला.

मतदानाच्या दिवशी मासा ठेवणीतला पोशाख घालून केंद्रावर गेली. धाकटा मुलगा मारला गेल्यापासून ती या दिवसाची वाट पाहत होती. अधिकाऱ्याने तिचं बोट दिव्याखाली घेतलं.

"आई, तुम्ही मत देऊन आलात," तो हळू आवाजात म्हणाला आणि यादीत तिच्या नावापुढे फुली मारली.

रांगेत कुजबुज झाली. त्या सकाळी आणखी अकरा बायकांना परत पाठवलं गेलं. त्या सगळ्या गेल्या तीन आठवड्यांत तापाने पडल्या होत्या आणि किनाऱ्यावरून आलेल्या घरच्यांनीच त्यांची शुश्रूषा केली होती. दुपारपर्यंत गावातले लोक त्यांना मतचोर म्हणू लागले.

यात्ताने आईचं बोट पाहिलं, मग स्वतःचं. तिला काही तपासायची गरज उरली नव्हती. न्यायमूर्तींना फोन लागला तो दुसऱ्या दिवशी.

त्यांनी आकडे सांगितले. डोंगराळ भागात चार हजार शंभर माणसं परत पाठवली गेली होती. मतमोजणी संपत आली होती आणि विरोधी उमेदवार नऊशे मतांनी पुढे होता. शाईचा दोष सिद्ध झाला, तर कायद्याने सारी निवडणूक रद्द होणार होती. नवी होईपर्यंत जुनंच सरकार चालू राहणार.

"लेखी अहवाल द्यायचा की नाही, हे तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "आला तर मला तो दडवता येणार नाही."

यात्ताने आईला सगळं सांगितलं. गप्प राहिलं तर भावाला मारणारे सत्तेवरून जातील, हेही सांगितलं. मासा भिंतीला टेकून ऐकत होती.

"त्या अकरा जणींची बाळंतपणं मी केलीत," ती शेवटी म्हणाली. "त्या चोर नाहीत. लिही."

यात्ताने त्याच संध्याकाळी अहवाल पाठवला.

निवडणूक रद्द झाली. आठवड्याने रेडिओवर राष्ट्राध्यक्षांचं भाषण झालं. दोषरहित शाई तयार होईपर्यंत देशाची जबाबदारी आपल्याला नाइलाजाने वाहावी लागेल, असं ते म्हणाले. सत्य सांगितल्याबद्दल त्यांनी डॉ. यात्ता बोकारी यांचं नाव घेऊन आभार मानले. नवी शाई तयार व्हायला किती वर्षं लागतील, हे देशात एकट्या यात्तालाच ठाऊक होतं.

थोड्या वेळाने त्या अकरा जणी भाताची पातेली घेऊन दारात आल्या. त्यांच्या नावावरचा डाग पुसणारीला त्यांना भेटायचं होतं.

मासा एकटीच बाहेर गेली. लेकीला बरं नाही, असं तिने सांगितलं आणि पातेली उतरवून घेतली.