एका पायातलं जोडवं

"कंदिलाची वात बारीक करा रे. आन् गोष्ट संपेस्तवर कुणी उठायचं न्हाई," सावळारामबापू म्हणाले. अंगणातली पोरं एकमेकांना खेटली. "आमच्या गेनूवर गुदरलेलं हाय. सन सदतीस. मार्गशीर्षातली अवस."

गेनू त्या दिवशी वेल्ह्याखालच्या वाडीतून भोरला निघाला होता, टाक घडवून आणायला. दुसरेपणावर आलेल्या बायकोनं मेलेल्या सवतीचा चांदीचा टाक गळ्यात बांधायचा, म्हणजे ती छळत नाही, असा रिवाज. नवी नवरी सगुणा उंबऱ्यात उभी राहून म्हणाली होती, "आजच आना. रातीला उशाशी कोन तरी बसतंया. माझा जीव ऱ्हायचा न्हाई."

चांदी म्हणून गेनूनं करदोट्याला बांधलेलं एक जोडवं सोडून सोनारापुढं ठेवलं.

"एकच? जोडीचं कुठाय?" आनंदराव सोनारानं विचारलं.

"हरवलं."

खोटं. ते भिमाचं, त्याच्या पहिल्या बायकोचं. सवाष्ण गेलेल्या बाईच्या पायातली जोडवी कुणी काढत नाही. गेनूनं सरणावर एक चोरून काढलं होतं. दोन वर्षं रोज रात्री ते मुठीत धरून झोपला. सगुणा शेजारी आली, तरीही.

जोडवं आटवून टाक होईस्तोवर दिवस मावळला. गेनू गुंजवणीच्या पात्रात उतरला तेव्हा मध्यरात्र झाली होती. मागं दगडावर काहीतरी वाजलं.

खट्... मग काही नाही.

खट्... काही नाही.

एकाच पायातलं जोडवं.

त्याला भीती वाटली नाही. आनंद झाला. तिथंच घात झाला.

"भिमे, चल घरी."

"दोन सालं उघड्या बोटानं हिंडवतोस मला." आवाज कानाशी. जिवंतपणी ती त्याच्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती. "माझं दे."

त्यानं टाक पुढं केला.

"ह्यो पायात घालू व्हय?"

गेनूनं टाक पुन्हा मुठीत आवळला.

"सोड मला. न्हाईतर तिला नेते."

त्यानं मूठ उघडायला घेतली. उघडेना. तिनं धरली नव्हती. त्याचीच बोटं... सगुणाचा उंबऱ्यातला चेहरा डोळ्यांपुढं आला. त्यानं एकेक बोट दातांनी उचकटलं.

"जा, भिमे. म्या न्हाई धरत आता."

टाक डोहात गेला.

बराच वेळ काही नाही... मग वाडीच्या बाजूनं पावलं आली. खट् खट्. दोन्ही पायांची. त्याच्या अंगाजवळून गेली. थांबली नाहीत. डोंगराला लागली.

गेनू धावत घरी. दार आतून कडी लावलेलं. हाकांवर हाका मारल्या, तेव्हा सगुणानं डोळे चोळत उघडलं.

"लई दिसांनी झोप लागली बगा," ती म्हणाली. "टाक आनला?"

"न्हाई. लागायचा न्हाई आता."

त्यानं दिवा खाली धरला. तिच्या एका पायात जोडवं होतं. दुसऱ्या पायाच्या बोटावर नुसता पांढरा वळ...