नुसतं ‘अहो’

अबू धाबीत हमदान स्ट्रीटवरच्या त्या स्टुडिओत मी पासपोर्ट साइझ फोटो काढायला गेले होते आणि एका अनोळखी माणसाला खांदा लावून, जोडीचा फोटो काढून बाहेर आले.

म्हणजे झालं असं. जपानच्या व्हिसासाठी फोटो हवा होता. बाकावर माझ्या आधी एक जण बसला होता. उंच, सावळा, निळ्या शर्टाच्या बाहीवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं. त्याला आत बोलावलं, तो गेला, आणि त्याची पिशवी बाकावरच राहिली. पिशवीवर सावंतवाडीच्या कापडदुकानाचं नाव होतं, म्हणून मी मराठीत हाक मारली.

“अहो... तुमची पिशवी.”

फोटोग्राफर खैरुद्दीनचाचा रत्नागिरीचे निघाले. त्यांनी पडद्यातून डोकं बाहेर काढलं. “भाभी, तुम्ही बाहेर कशाला बसलात? या ना आत.” मला वाटलं, वेळ वाचवतायत. मी आत गेले. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, माझा खांदा जरा कलता केला, म्हणाले, “जवळ... अजून थोडं जवळ,” आणि फ्लॅश पडला.

मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटच्या प्रयोगशाळेत काम करते. चुकीचं रीडिंग आलं तर शांतपणे दुसऱ्यांदा घेते. त्या दिवशी मात्र माझा आवाजच गेला.

“चाचा, या माझ्या कोणी नाहीत,” तो म्हणाला. तोही हादरला होता.

खैरुद्दीनचाचा तिघांत जास्त हादरले. “पण ‘अहो’ म्हणाल्या ना. आमच्या घरात मला असंच हाकारतात.”

मी माझा एकटीचा फोटो काढून घेतला. त्यात माझे डोळे इतके मोठे आले आहेत की व्हिसा कसा मिळाला, देव जाणे.

पंधरवड्यानंतर, दुबई एअरपोर्टवर आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपमध्ये तोच निळा शर्ट उभा होता.

ही सहल मंडळाचे मुरलीधरकाका आणि हेमाकाकू यांनी ठरवली होती. दुबईहून ओसाका, तिथून पुढे समुद्रातली छोटी छोटी बेटं, जिथे जुन्या घरांतून आणि किनाऱ्यांवर चित्रं-शिल्पं मांडलेली आहेत. बरोबर जपानी गाइड. खरं म्हणजे आईबाबा जाणार होते. बाबांची रजा ऐनवेळी रद्द झाली, म्हणून मी. “लग्नाआधी आईबरोबर एक सहल होऊन जाऊ दे,” बाबा म्हणाले. डिसेंबरात माझा साखरपुडा होता. मुलगा पुण्याचा, शिकलेला, सभ्य. मी हो म्हटलं होतं, कारण नाही म्हणायला कारण नव्हतं. बाबांनी त्या घराला शब्द दिला होता. आणि दिलेला शब्द बाबांनी परत घेतलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

“विघ्नेश परब,” निळा शर्ट म्हणाला. “मुसफ्फाच्या कारखान्यांत, स्टील फॅब्रिकेशनमध्ये आहे. तो फोटो चांगला आलाय.”

“कुठला?”

“जोडीचा. चाचांनी फुकट दिला. फेकणार होतो, पण त्यात अर्ध्या तुम्ही आहात. परवानगीशिवाय कसा फेकू?”

मी पासपोर्ट शोधायला पर्स उघडली. परवानगी द्यायची राहिली, हे विमानात बसल्यावर लक्षात आलं.

तो कलेसाठी आलाच नव्हता. त्याच्या कंपनीला समुद्रकाठी उभा करायचा स्टीलचा भला मोठा ससाणा करायचा होता. त्याआधी त्यांनी एका चौकात कॉफीची किटली केली होती, दोन मजली, आणि ती वर्षभरात गंजली. “आमचा मालक, अरबाब, म्हणाला, जपानी लोकांची समुद्रात उभी असलेली शिल्पं कशी टिकतात, जा बघून ये. यल्ला.” त्यामुळे सगळे जण शिल्पाच्या समोर उभे राहून आ वासत तेव्हा विघ्नेश मागे जाऊन बोल्ट बघत असे.

पहिल्याच बेटावर मी त्याला तिथे गाठलं. “अहो विघ्नेश, नखाने खरवडू नका. ती पहाऱ्यावरची बाई तुमच्याकडेच बघतेय.”

“इथे गंज नाही. का नाही?”

“क्लोराइड आत शिरायला फट मिळालेली नाही. तुमच्या किटलीचे जोड कसे होते?”

“घाईचे.”

“मग झालं.”

तो हसला. “माझी आई म्हणते, खारो वारो लोखंडाक काय, माणसाकय सोडणा नाय.”

“माणसात क्लोराइड आधीपासूनच असतं,” मी म्हटलं, आणि तो इतका वेळ माझ्याकडे बघत राहिला की मला माझंच वाक्य पुन्हा तपासून पाहावं लागलं. चूक नव्हती त्यात.

आमची गाइड ओकुनो-सान, पन्नाशीची, ओसाकाची, हातात पिवळं निशाण. तिचं इंग्रजी आमच्यापेक्षा सावकाश आणि सौजन्य आमच्या दसपट. पण हेमाकाकूंनी तोंड उघडलं की ती दचकायची. “अहो, टोपी घाला.” ओकुनो-सानचं निशाण खाली. “अहो, पाणी प्या.” तिचा हात तोंडावर. “अहो, ऐकताय ना, इकडे या.” आणि मुरलीधरकाका मुकाट्याने इकडे येत, ते बघून तर तिचा चेहराच पांढरा पडायचा.

तिसऱ्या दिवशी बोटीच्या कठड्याशी तिने मला बाजूला घेतलं. समुद्र निळसर राखाडी होता, बारीक पाऊस पडत होता, आणि लहान लहान बेटं कासवांसारखी पाठी वर काढून बसली होती.

“सुमेधा-सान, रागावणार नसाल तर विचारते. हेमा-सान आपल्या यजमानांना सगळ्यांसमोर मूर्ख का म्हणतात?”

“मूर्ख?”

“अहो. आमच्याकडे ओसाकात अहो म्हणजे मूर्ख.”

मी कठडा धरला. मागून काकूंचा आवाज आलाच, “अहो, ओले होताय.”

“आमच्याकडे तो मानाचा शब्द आहे,” मी घाईने म्हटलं. “बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून अहो म्हणायचं. जुनी पद्धत.”

ओकुनो-सानने यावर बराच विचार केला. “नाव नको, मूर्ख चालेल.” तिने मान डोलावली. एकंदरीत तिला ते पटल्यासारखं वाटलं. “पण तुम्हीही विघ्नेश-सानना अहो म्हणता.”

“ते परक्याला. आदर म्हणून.”

“परक्याला आणि नवऱ्याला एकच शब्द? मग त्याला कसं कळतं, तो कोण आहे ते?”

तोंडी परीक्षेत माझी कधी अशी अवस्था झाली नव्हती. “परक्याला म्हणताना पुढे नाव लागतं,” मी म्हटलं. “अहो विघ्नेश, अहो परब. नवऱ्याला... नुसतं अहो.”

“आणि नाव माहीत नसेल तर?”

“तर घोटाळा होतो.”

ती हसली. तोंड झाकून, पण पुष्कळ.

त्या दुपारच्या बेटावर एक काळं लाकडी घर होतं. आत कलाकृती आहे, एवढंच सांगितलं गेलं. उजवा हात भिंतीला लावायचा, वळत वळत आत जायचं आणि बाकावर बसून वाट बघायची. आत अंधार होता, म्हणजे नुसता अंधार नव्हे; डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागेल असा. हेमाकाकू म्हणाल्या, “यात बघायचं काय?” आणि मग त्याही गप्प झाल्या.

मला शास्त्र माहीत होतं. अंधारात डोळ्यांतलं रंगद्रव्य हळूहळू परत तयार होतं, मग अगदी मंद उजेडही दिसायला लागतो. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त थांबायचं. मला हे सगळं माहीत होतं, आणि तरी मी उजव्या हाताने बाकाची कड घट्ट धरून बसले होते. आई डावीकडे होती. तिचा हात मी धरला होता. उजवीकडे कोण बसलं होतं ते दिसत नव्हतं, आवाजही नव्हता. एकदम वाटलं, तिथे कोणीच नसलं तर...

“अहो,” मी म्हटलं. “आहात ना?”

“आहे,” तो म्हणाला. अगदी जवळून, आणि ज्या आवाजात बोल्टबद्दल बोलतो त्या आवाजात नाही.

आईचा हात माझ्या हातातून सुटला.

थोड्या वेळाने समोर एक धूसर निळी चौकट उगवली. सगळे “आहा” म्हणाले. मला ती दिसली की नाही, मला सांगता येणार नाही.

बाहेर आल्यावर आईने मला एका पर्सिमनच्या झाडाखाली उभं केलं. तिचा चेहरा पाहून मला वाटलं, तिला चक्कर येतेय.

“नाव कुठे गेलं?” ती म्हणाली.

“कुणाचं?”

“तू त्याला काय हाक मारलीस आत?”

“अहो म्हटलं. रोजच म्हणते.”

“रोज अहो विघ्नेश म्हणतेस. आज नुसतं अहो म्हणालीस.” आई थांबली. “मी तुझ्या बाबांना असं म्हणायला लागले, त्याला लग्नानंतरही महिना गेला होता, सुमे.”

आईचं निरीक्षण बरोबर होतं. बोटीवर मी ओकुनो-सानला नियम समजावून दिला होता आणि तीन तासांच्या आत... मी तो पाळला होता. अगदी काटेकोर.

“डिसेंबरचं काय?” आई म्हणाली. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. बाकीच्यांच्या मागे निघून गेली.

विघ्नेश धक्क्यावर बसला होता, साखळीला हात लावून बघत. मला पाहून उठला.

“एक विचारायचं होतं,” तो म्हणाला. “आत मला हाक मारलीत ती ओसाकाच्या अर्थाने, की आपल्या?”

“ओकुनो-साननी तुम्हालाही सांगितलं?”

“सगळ्या बोटीला सांगितलंय. मुरलीधरकाका सकाळपासून काकूंना म्हणतायत, एवढी वर्षं मला वाटलं मान देतेयस. ...उत्तर राहिलं.”

पाऊस थांबला होता. त्याच्या केसांवर मात्र अजून थेंब होते.

“एकाच रीडिंगवर निष्कर्ष काढायचा नसतो,” मी म्हटलं.

“मग दुसरं घ्या.”

“उजेडात?”

“उजेडातच घ्या. मी कुठे जात नाही.”

मी त्याच्याकडे बघितलं. ‘अहो’च्या पुढे नाव लावून बघायचं ठरवलं होतं मी, खरंच. तोंड उघडलं.

“अहो,” मी म्हटलं. आणि पुढे काही आलंच नाही.

त्याने केसांवरचं पाणी पुसलं. मग हळूच म्हणाला, “तुमचा साखरपुडा आहे, डिसेंबरात. हेमाकाकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं. म्हणून मी फक्त बोल्ट बघत होतो.”

“बाबांना मी सांगेन.”

“कधी?”

“मला माहीत नाही. पण तुम्ही मध्ये बोलू नका. शब्द त्यांनी दिलाय, हो मी म्हटलं होतं. मोडायचं तर मीच मोडायला हवं.”

“आणि ते नाही म्हणाले तर?”

बोट आली आणि आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

चार दिवसांनी सकाळी दुबईला उतरलो तर बाबा स्वतः घ्यायला आले होते, अबू धाबीहून, जुनी कॅम्री धुऊन. ट्रॉली ढकलणाऱ्या विघ्नेशला त्यांनी कौतुकाने न्याहाळलं; पहिल्या दिवशीच्या फोनवर आईने ग्रुपमधल्या सगळ्यांबद्दल सांगितलं होतं. “परब ना? कुठे, मुसफ्फाला? अरे मग बसची वाट कसली बघतोस, वाटेतच आहे. बस पुढे.”

तो पुढे बसला. आई आणि मी मागे. आई खिडकीतून वाळवंट बघत होती, तिथे बघण्यासारखं काही नसताना.

बाबा खुशीत होते. हॉल पक्का झाला होता. पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला होता. “फार भली माणसं. काय म्हणतात, मेनू तुम्हीच ठरवा. परब, तूही यायचं हं साखरपुड्याला.”

विघ्नेशची मान ताठ झाली. “हो काका,” तो म्हणाला. त्याच्याच्याने दुसरं काय म्हणवणार होतं.

“सुमे, तू सांग. जिलबी ठेवू की श्रीखंड?”

“काहीच नको, बाबा.”

“असं कसं? गोड काहीतरी हवंच.”

“साखरपुडाच नको.”

गाडी डावीकडच्या वेगाच्या लेनमध्ये होती. बाबांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला असावा, कारण मागून मोठ्या गाड्या दिवे मारायला लागल्या.

“अहो, समोर बघा,” आई म्हणाली.

बाबांनी गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली. आरशात त्यांचे डोळे मला शोधत होते. “त्यांनी काही केलं का? पुण्याच्यांनी?”

“नाही. ते चांगले आहेत. मी हो म्हटलं ते चुकलं. मला वाटलं होतं, नाही म्हणायला कारण नसणं म्हणजे हो.” मी बाबांच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला. “आता कारण आहे.”

“कोण?”

मी सांगणार तेवढ्यात बाबांनी शेजारी पाहिलं. विघ्नेश दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा बसला होता.

“हा?” बाबा म्हणाले. “याला तर मी लिफ्ट दिली.”

बाबांनी आरशात आईला विचारलं, “तुला माहीत होतं?”

“चार दिवसांपूर्वी कळलं,” आई म्हणाली. “मीही अजून सावरले नाहीये.” आणि मग, खिडकीकडे बघत, “पण मुलगी बोलली ते खरं बोलली.”

रस्त्यावरच्या पाट्यांवर अबू धाबीचे किलोमीटर कमी होत गेले. मला वाटलं, बाबा आता गाडी थांबवतील आणि त्याला रस्त्यातच उतरायला सांगतील. त्यांनी एकदा घसा खाकरला. दोनदा. मी माझ्या हातांकडे बघत होते.

“काका,” विघ्नेश अगदी हळू म्हणाला, “मुसफ्फाचा एक्झिट गेला.”

“दिसला मला,” बाबा म्हणाले.

ते वळले नाहीत. तसेच सरळ चालवत राहिले, आमच्या घराच्या दिशेने.

“दिलेला शब्द मोडायचा, पुण्याला फोन करायचा,” बाबा म्हणाले, जणू रस्त्यालाच सांगत. “मी एकट्याने तो फोन करणार नाही. सुमे, तू माझ्या शेजारी बसायचंस.”