देवपुरातलं गाठोडं

पुष्पाबाई पाटलांना मुहूर्त, पंचांग असल्या गोष्टींचा मनापासून कंटाळा. नवरा गेल्यावर धरणगावची जमीन त्यांनी एकटीने कसली, कापसाच्या गाड्या सेंधव्याच्या जिनिंगवर स्वतः शेजारी बसून नेल्या. एकदा तिथल्याच यंत्राच्या पट्ट्यात उजव्या करंगळीचं पेर गेलं, तर बाई आधी कापसाचं वजन करून घेऊन मग दवाखान्यात गेल्या. अशा बाईला अमावास्येला प्रवास करू नको म्हणून सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. तरी थोरले दीर पितांबर नाना बोलले, आणि पुष्पाबाईंनी ऐकलं. त्याला कारण मोहिनी.

मोहिनी त्यांची एकुलती एक लेक, बंगळुरूला असते. दोनदा पोटातलं मूल गेलं, आणि आता तिसऱ्यांदा नऊ महिने सरत आले होते. डॉक्टरांनी ऑपरेशनला गुरुवारची सकाळ दिली. मोहिनी फोनवर रडली, मला फार भीती वाटते म्हणाली. पुष्पाबाईंनी तिला वचन दिलं की तू भुलीतून डोळे उघडशील तेव्हा पहिलं तोंड माझं बघशील. जावयाने, म्हणजे प्रेमराजने, बुधवारी संध्याकाळचं इंदूरहून विमानाचं तिकीट काढलं. धरणगावहून धुळे, तिथून आग्रा रोडने राज्याची हद्द ओलांडून इंदूर. वाट पुष्पाबाईंच्या पायाखालची होती, सोबतीला कुणी नको म्हणाल्या.

बुधवारी नेमकी अमावास्या. नानांनी पंचांग उघडलं, सोमवार चांगला म्हणाले, आणि जुन्या रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवायचं ठरवलं. रीत साधी आहे. माणसाला मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर त्याचं गाठोडं निघतं. ते गावाबाहेर, जायच्या वाटेवर, कुणाच्या तरी घरी ठेवायचं. गाठोडं निघालं की माणूस निघाला, असं धरून चालायचं. मग आपल्या सोयीने जायचं, वाटेत गाठोडं उचलायचं आणि मागे न फिरता तसंच पुढे व्हायचं. गाठोड्यात सुपारी, मूठभर पिवळ्या अक्षता आणि अंगावरचं एक लुगडं किंवा साडी. कोरं कापड चालत नाही, नेसून झालेलंच लागतं. पुष्पाबाईंनी आपली पोपटी साडी दिली. नाना सोमवारी स्वतः धुळ्याला गेले आणि देवपुरात प्रमिलाअक्कांच्या कोनाड्यात गाठोडं ठेवून आले. प्रमिलाअक्का म्हणजे पुष्पाबाईंची थोरली नणंद.

"पुष्पा, गाठोडं लिधाशिवाय पुढे जावानं नही," नाना परत आल्यावर म्हणाले. "ते निंघेल शे. त्याले एकलं सोडू नको."

बरं म्हणून पुष्पाबाई भांडी घासत राहिल्या. नाना थकले आता, असंच त्यांना वाटलं.

बुधवारी सकाळच्या एसटीने त्या निघाल्या. पारोळा मागे पडलं आणि प्रेमराजचा फोन आला. मोहिनीला पहाटेपासून कळा सुरू झाल्या होत्या, ऑपरेशन आज संध्याकाळीच करणार होते. त्याने विमान बदलून दुपारचं घेतलं होतं, जमेल ना, असं तो तीन-तीनदा विचारत होता. पुष्पाबाई म्हणाल्या, जमेल. पण जीव टांगणीला लागला तो लागलाच. एसटीतली खिडकी त्यांनी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

धुळ्यात शिरताना पारोळा चौफुलीवर त्या उतरल्या. देवपुरात जायचं म्हणजे रिक्षा, मग अक्कांचा चहा, मग अक्कांचे गुडघे, मग सुनेच्या तक्रारी. तेवढ्यात इंदूरची खासगी बस समोरच येऊन उभी राहिली. पुष्पाबाईंनी एकदाच देवपुराच्या दिशेने पाहिलं. जुनी साडी आणि सुपारी, परतताना घेता येईल. त्या बसमध्ये चढल्या.

शिरपूरच्या फाट्यावर बस चहाला थांबली. पुष्पाबाईंना बसून राहवेना म्हणून त्याही उतरल्या. टपरीच्या बाकड्यावर टेकतात न टेकतात तोच चहावाल्याने त्यांच्यापुढे ग्लास ठेवला. घोट घेतला तर बिनसाखरेचा. त्यांना साखरेचा आजार होता, पण तसं त्या अजून बोलल्याच नव्हत्या.

"मघाशी तुम्हीच सांगितलं ना मावशी, साखर नको म्हणून," चहावाला म्हणाला.

मी आत्ता उतरतेय, असं त्यांनी सांगितलं. त्याने खांदे उडवले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. दिवसभरात शंभर तोंडं बघतो, कुणाचं तरी कुणाला लावलं असेल. पुष्पाबाईंनी चहा संपवला. उठताना बाकड्यावर टेकलेल्या तळहाताला काहीतरी टोचलं. तांदळाचे दोन दाणे होते, हळदीने पिवळे झालेले. त्यांनी हात पदराला पुसला, आणि बसमध्ये बसल्यावर पुन्हा एकदा पुसला.

बस सुटली तेव्हा त्यांनी अक्कांना फोन लावला. गाठोडं न्यायला येत नाही, राहू दे तिथेच, एवढंच सांगायचं होतं.

"आते काय सांगस?" अक्का म्हणाल्या. "तू तं सकायलेच ली गयी. कडी वाजनी. मी इचारं, पुष्पा शे का? तू नुसती खोकलनी. मी उठस तवलोंग तू गयी बी."

कोनाडा रिकामा आहे का, ते पुष्पाबाईंनी विचारलं. अक्का उठून बघून आल्या. रिकामा होता. पुष्पाबाईंनी फोन ठेवला. पण बाई हिशेबाची. दार उघडं राहिलं असेल, कुणी भुरट्या चोराने उचललं असेल. जुनी साडी चोरायला सकाळी सकाळी कोण येतं, हा प्रश्न मात्र उरलाच.

पळासनेर गेलं. महाराष्ट्र संपला आणि घाट लागला. बिजासनी मातेच्या देवळापाशी बस थांबली, कारण इथे नारळ वाढवल्याशिवाय ड्रायव्हर पुढे जात नाहीत. पुष्पाबाई कापसाच्या गाडीवर असताना न चुकता नारळ वाढवायच्या, म्हणून त्या आजही खाली उतरल्या. नारळवाली त्यांच्याकडे बघत राहिली. तिने नारळ दिला नाही. उलट त्यांचा उजवा हात हातात घेतला, करंगळीच्या तुटक्या पेरावरून अंगठा फिरवला आणि सोडून दिला.

"एक सफर का एक ही नारियल होता है, बाई. तुम्हारा हो गया."

कोणी वाढवला, हे पुष्पाबाईंनी विचारलं. नारळवालीने सांगितलं ते असं : मघाशी पुढे गेलेल्या बसमध्ये होती. पोपटी साडी, बगलेत रिकामं फडकं. हीच करंगळी. नातवंड होणार आहे म्हणून सांगत होती. फार हसत होती.

पुष्पाबाई फारशा हसत नसत. ते तर सगळ्या धरणगावाला माहीत होतं.

घाट उतरताना त्यांनी ड्रायव्हरला गाडी पळवायला सांगितली, दोनदा सांगितली, तिसऱ्यांदा तो खेकसला. सेंधव्याच्या जिनिंगच्या चिमण्या बाजूने गेल्या, त्यांचं लक्ष नव्हतं. पुढे, बरीच पुढे, एक निळी बस चालली होती. तिच्या मागच्या काचेत काहीतरी पोपटी दिसायचं आणि वळणावर जायचं. आपली बस वेगात होती. ती निळी बस काही जवळ येत नव्हती, आणि लांबही जात नव्हती. मोहिनीला फोन लावला, तिने उचलला नाही. पुष्पाबाईंनी देवाला हात जोडले. कित्येक वर्षांत जोडले नव्हते.

इंदूरला विमानतळाच्या दारावर जवानाने तिकीट पाहिलं, आधार कार्ड पाहिलं, त्यांचं तोंड पाहिलं. पुन्हा कार्ड पाहिलं.

"माताजी, आप तो अंदर जा चुकी हैं."

त्यांनी समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. आतून एक मुलगी आली. तिने नम्रपणे सांगितलं की ह्या नावाची प्रवासी विमानात बसली आहे, चेहरा जुळला आहे, दार बंद झालं आहे. संध्याकाळचं विमान भरलेलं होतं. बोलता बोलता तिने आपल्या बाहीवरचा एक पिवळा दाणा चिमटीने उचलला आणि खाली टाकला.

थोड्या वेळाने डोक्यावरून विमान गेलं.

पुष्पाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. आधी नुसता संताप होता. मग संताप उतरला आणि त्याखालची भीती वर आली. माझ्या पोरीच्या उशाशी कोण जाऊन बसणार आहे? त्या प्रेमराजला फोन लावत राहिल्या. बेल वाजायची आणि थांबायची.

दिवस मावळून गेल्यावर त्याने उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय? हा फोन तुम्हाला सापडला का?"

पुष्पाबाई म्हणाल्या, अरे प्रेमराज, मीच आहे, पुष्पा, मी इंदूरलाच अडकले.

"हॅलो? बाई, तुम्ही नुसत्या खोकताय. काही कळत नाहीये. हा आमच्या आईंचा फोन आहे. धुळ्याला विसरला म्हणाल्या."

त्या ओरडल्या. बाकावरची माणसं वळून बघायला हवी होती. कुणी वळलं नाही.

प्रेमराजचा आवाज आनंदाने भरून वाहत होता, कुणाला सांगू असं त्याला झालं होतं. मुलगी झाली, तो म्हणाला. दोघी सुखरूप आहेत. मोहिनीने डोळे उघडले तेव्हा आईच समोर होत्या.

त्याच्यामागे बाळ रडलं. आणि कुणीतरी म्हणालं, "घाबरू नको गं, मी आहे ना."

तो पुष्पाबाईंचाच आवाज होता. त्यांच्याहून जरा मऊ.

नात झाली, पोरगी वाचली, ह्याने त्यांचे डोळे भरून आले. ते खरंच होतं. आणि ते आपल्याविना झालं, ह्याने छातीत कळ उठली, तीही खरी होती.

"हां, आई सांगताहेत," प्रेमराज म्हणाला, "फोन धुळ्याला देवपुरात प्रमिलाअक्कांकडे नेऊन ठेवा. जे मागे राहिलं ते तिथेच ठेवा म्हणाल्या."

परतीच्या बसमध्ये त्यांच्याकडे कुणी तिकीट मागितलं नाही.

चांगलं उजाडल्यावर त्या देवपुरात पोचल्या. कडी वाजवली. अक्कांनी दार उघडलं, गल्लीत इकडे तिकडे पाहिलं, मग खाली उंबऱ्याकडे पाहिलं. पुष्पाबाईंनी हाक मारली. खोकला आला.

त्या आत गेल्या. पाय आपोआप कोनाड्याकडे वळले. फार थकवा आला होता. गुडघे पोटाशी घेतले तेव्हा बरं वाटलं.

अक्कांचा फोन वाजला. बंगळुरूहून होता. अक्का हसून बोलत होत्या, नातीचं नाक कुणावर गेलं ते विचारत होत्या.

"हा पुष्पा, पोचनं," अक्का शेवटी फोनवर म्हणाल्या. "कोनाडामाच शे. तू येशी तव्हय ली जाय."

मग त्यांनी ट्रंकेतून एक जुनं, धुतलेलं फडकं काढलं. झटकलं. पुष्पाबाईंच्या डोक्यावरून टाकलं आणि चारही टोकं जुळवून वर घट्ट गाठ मारली.