बाहेरची स्क्रीन

जुन्नरहून नारायणगावला निघालेल्या जीपमध्ये एका अनोळखी माणसाचा मॉनिटर माझ्या मांडीवर येऊन बसला.

इलाज नव्हता. मधल्या सीटवर आम्ही आधीच दाटीवाटीनं बसलेलो, ड्रायव्हरला आणखी एक माणूस कोंबायचा होता, आणि त्या माणसाच्या हातात खताच्या गोणीत गुंडाळलेलं ते धूड. "जरा धरता का? कुणी उतरलं की लगेच घेतो," तो म्हणाला. आवाज चांगला होता म्हणून धरला... नाहीतर मी काही एवढी सोशिक नाही.

गोणी एका कोपऱ्यात फाटली होती. सवयीनं माझं बोट आत गेलं आणि मॉनिटरच्या पाठीवरून फिरलं.

"याला नुसतं व्हीजीए आहे," मी म्हणाले.

"नुसतं काय आहे?"

"वायर लावायची जुन्या पद्धतीची जागा. तुमच्या सीपीयूला मागं काय आहे?"

त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचार केला. "मागं... भिंत आहे."

मी खिडकीकडं तोंड वळवलं, पण खांदे हलायचे ते हललेच. तोही हसला — आधी ओशाळून, मग मनापासून. बाहेर द्राक्षाच्या बागा मागं पळत होत्या, छाटणीनंतर नुकत्याच फुटलेल्या, आणि मी उगाचच त्यांच्याकडं बघत बसले. पुढं कुणीतरी उतरलं, जागाही झाली, पण मॉनिटर परत द्यायचं मला सुचलं नाही आणि मागायचं त्याला.

मी मनाल. जुन्नरच्या पेठेत अब्बांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टीव्हीही लोक दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेऊ लागले, तेव्हा मी त्याच टेबलावर कॉम्प्युटर उघडायला बसले. आणि तो अनस. नारायणगावात वलीचाचांचं पाईप आणि ठिबकचं दुकान आहे, त्यांचा मुलगा. बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतून त्यानं तो मॉनिटर स्वस्तात उचलला होता. त्याला दुकानात दोन स्क्रीन हव्या होत्या, एक स्वतःकडं आणि एक गिऱ्हाइकाकडं तोंड करून.

"शेतकरी बिल घरी नेतो, मग म्हणतो, हा पाईपचा एल्बो मी घेतलाच नव्हता," तो सांगत होता. "मी एकेक वस्तू टाकताना त्याला समोर दिसलं, की भांडणच मिटलं. फक्त स्वस्तात झालं पाहिजे."

"स्वस्तात होईल," मी म्हणाले. "पण आधी ती भिंत बघावी लागेल."

दुसऱ्याच दिवशी गेले. सीपीयू म्हणजे डब्याएवढं खोकं निघालं. मागं एकच एचडीएमआय, आणि त्यात त्याचा रोजचा मॉनिटर आधीच खोचलेला. आत कार्ड बसवायला जागा नाही, नवा सीपीयू घ्यायची त्याची तयारी नाही. यूएसबीच्या भोकांत मात्र एक रिकामं होतं. मग मी यूएसबीतून दुसरी स्क्रीन चालवणारा एक साधा अडॅप्टर आणला, त्याला जुन्या मॉनिटरची वायर जोडली, आणि तो मॉनिटर काउंटरवर बाहेर तोंड करून ठेवला. समोर पत्र्याच्या छपराखाली गिऱ्हाइकांसाठी बाकडं होतं.

"आता हे बघा," मी म्हणाले आणि माउस सरकवला. बाण त्याच्या स्क्रीनच्या कडेला गेला, नाहीसा झाला आणि बाहेरच्या स्क्रीनवर उगवला. "बिल तिकडं ढकलायचं. तुमचं बाकीचं सगळं इकडं राहील. तिकडच्याला इकडचं दिसत नाही."

अनसनं माउस हातात घेतला. तो बाण इकडून तिकडं, तिकडून इकडं नेत बसला, आणि मी त्याच्या मनगटाकडं बघत बसले. चहा आला, गार झाला, परत सांगितला.

मग फोन सुरू झाले.

"मनालजी, बाहेरची स्क्रीन गेली हो..."

मी जायचे. बघायचे, तर वायर सुटलेली. आता व्हीजीएच्या वायरला दोन्ही कडांना दोन स्क्रू असतात. ते मी स्वतः पिळून बसवले होते, आणि ते वाऱ्यानं सुटत नाहीत.

"वारा फार आहे का इकडं?" मी विचारायचे.

"हो ना... संध्याकाळी तर फारच," तो पाईपांच्या बंडलांकडं बघत म्हणायचा. कान लाल व्हायचे त्याचे.

मी स्क्रू पिळायचे, चहा प्यायचे, निघायचे. मला तो आवडायला लागला होता, सरळच सांगते. जीपमध्ये बसलं की येणारे दिवस मला बरे वाटायचे. पण पहिला शब्द त्यानं काढावा, एवढं एक मला हवं होतं. हट्ट म्हणा.

त्याच सुमाराला घोडेगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, घर चांगलं, माणसं चांगली. अब्बांनी जबरदस्ती केली नाही. फक्त म्हणाले, "जुम्यापर्यंत हो की नाही ते सांग. लोकांना ताटकळत ठेवू नये." आणि माझ्याकडं नाही म्हणायला कारण काय होतं? दोन स्क्रू!

पुढच्या वेळी स्क्रू पिळता पिळता मी मुद्दाम विषय काढला. "घोडेगावचं स्थळ आलंय मला. येत्या जुम्याला उत्तर द्यायचंय."

अनसच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला.

"अच्छा," तो म्हणाला. "...चांगलं आहे."

चांगलं आहे! मी पिशवी उचलली आणि तडक स्टँड गाठला. जीप सुटेपर्यंत रडू आवरलं, पुढं नाही आवरलं.

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मला वाटलं, संपलं. घोडेगावचा मुलगा वाईट नाही, असं मी स्वतःला भांडी घासताना सांगत होते, कपडे वाळत घालताना सांगत होते.

गुरुवारी दुपारी फोन वाजला. डिंगोऱ्याचे गेणभाऊ. विहिरीत पडलेला त्यांचा मोबाईल मी एकदा जिवंत केला होता, तेव्हापासून ते मला डॉक्टरच समजतात.

"ताई, अनसशेठच्या दुकानातली ती भाईरची टीवी लई बिघडलीया. आत्ताच्या आत्ता या."

"त्यांनी सांगितलं का बोलवायला?"

"त्यो काय सांगतोय! तुमी या. उद्या आलात तर उपेग न्हाई."

नारायणगावला उतरले तर परतीच्या पावसाची सर आली. ओढणी डोक्यावर धरून पळत छपराखाली शिरले. बाकड्यावर माणसं खेटून बसलेली, चारदोन उभी. कुणाच्या हातात पाईप नाही, पिशवी नाही. मला बघताच सगळे गप्प झाले. गेणभाऊंनी सरकून जागा केली आणि तोंडावर बोट ठेवलं.

"बसा हितं. आन समोर बघा."

समोर बाहेरची स्क्रीन. ती बिघडली नव्हती, चांगली लख्ख चालू होती. तिच्यावर बिल मात्र नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅप उघडं होतं, वर माझं नाव, आणि खाली एकेक अक्षर उमटत होतं.

"मनाल, मी त्या दिवशी चांगलं आहे म्हणालो. मला अजिबात चांगलं वाटत नाही."

अक्षरं थांबली. मग मागून एकेक पुसली गेली. बाकड्यावरून एक उसासा निघाला.

"पुसलं परत," गेणभाऊ कुजबुजले. "रोजचं हाय ह्येचं. आधी मनालजी व्हतं, आता नुसतं मनाल झालंय. काल तर लई लांबवर आला व्हता, शेवटाला पुसलंच. लोकं फवारणी सोडून हितं येऊन बसत्यात, ताई."

मला एका नजरेत कळलं. माझा अडॅप्टर जळला असणार, आणि यानं व्हिडिओ बघून एचडीएमआयला लावायचा, व्हीजीएचीही जागा असलेला स्प्लिटर आणून लावला असणार. स्प्लिटर स्वस्त असतो, पण त्यानं दोन वेगळ्या स्क्रीन होत नाहीत. आत जे दिसतं तेच जसंच्या तसं बाहेर दिसतं. आणि हा मॉनिटरच्या आड मान घालून बसलेला, त्याला मी आलेलंसुद्धा कळलं नव्हतं. वर पत्र्यावर पाऊस वाजत होता.

मला आधी राग आला. अख्ख्या बाजाराला माहीत, आणि मला नाही! मग अक्षरं परत उमटायला लागली आणि राग कुठं गेला ते समजलं नाही.

"उद्या जुमा आहे. नाही म्हणा, असं सांगायचा मला हक्क नाही. पण तुम्ही दुसरीकडं गेलात तर मी कुणासाठी वायर सोडवू? खरंच काही सुचत नाही. दुकानात मन लागत नाही. तुम्ही मला फार आवडता."

शेवटचा शब्द पुसला गेला. मग त्याच्या आधीचा.

मी उठले. काउंटरवरून हात घालून मॉनिटरच्या मागचे दोन्ही स्क्रू फिरवले आणि वायर उपटली. स्क्रीन काळी झाली.

"आवं ताई!" बाकडं एकदम ओरडलं. "आता कुठं रंगात आलं व्हतं!"

"पुढचं खाजगी आहे, गेणभाऊ."

अनसची मान वर आली. "मनालजी? तुम्ही... कधी..."

"वायर सुटली," मी म्हणाले. "वारा फार आहे." आणि काउंटरची फळी उचलून आत गेले. "अनस, हा स्प्लिटर आहे. तुम्ही आत जे लिहिता, ते सगळं बाहेर दिसतं."

"सगळं?"

"सगळं."

"...सगळ्यांना?"

बाहेर कुणीतरी खोकलं. अनस पाईपांच्या बंडलावर मटकन बसला. "मी बिल उघडून बाहेर जाऊन बघितलं होतं. बिल नीट दिसत होतं."

"बिल नीटच दिसत होतं. बाकीचंही नीटच दिसत होतं. मला का नाही बोलावलं?"

"खोटं सांगून इतक्यांदा बोलावलं होतं. खरंच बिघडलं तेव्हा... कुठल्या तोंडानं बोलावू? आणि तुमचं ठरत होतं तिकडं."

त्याचा चेहरा इतका पडला होता, की मला हसूही येईना. मी कीबोर्ड उचलून बाजूला ठेवला.

"आता टायपायचं नाही. तोंडानं बोल."

माझ्या तोंडून 'बोल' गेलं, ते दोघांनाही ऐकू आलं. तो उठून उभा राहिला.

"घोडेगावला हो म्हणू नकोस, मनाल," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न कर. मला तू आवडतेस... फार आवडतेस. हे मी आधीच बोलायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हणाले. डोळे पुसायला ओढणी शोधली, तर ती ओलीच. "मलाही तू आवडतोस. केव्हापासून ते सांगणार नाही, डोक्यात हवा जाईल तुझ्या."

तो हसला. किती दिवसांनी बघितलं ते हसू! मग अचानक घाबरला. "पण अब्बूंना कसं सांगू?"

"मला काय सांगतोस?" छपराखालून वलीचाचांचा आवाज आला. ते बाकड्याच्या टोकाला, गेणभाऊंच्या आड बसले होते. "मी पहिल्या दिवसापासून हितंच आहे. आता जा तिच्या वडिलांकडं. मी नमाज पढून मागनं येतो."

"आणि दुकान?" अनसनं विचारलं.

"दुकान आमी बघतो," गेणभाऊ म्हणाले. "जावा तुमी."

स्टँडवर जीप उभी होती. अनस माझ्या मागोमाग चढायला लागला, तेव्हा मी त्याला खाली उतरवलं. "पुढच्या जीपनं ये. दोघं एकत्र उतरलो तर अब्बांना विचारायला काही उरणारच नाही."

घरी आले. अब्बा दुकानातल्या टेबलावर चष्मा पुसत बसले होते. मी पाणी दिलं, दिवा लावला, समोर स्टुलावर बसले.

"उद्या घोडेगावला फोन करायचाय," ते म्हणाले. "काय कळवू?"

"नाही म्हणून कळवा."

अब्बांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं नीट बघितलं. "मुलगा चांगला आहे, मनाल. त्या लोकांना काहीतरी कारण सांगावं लागेल."

पेठेत जीप थांबली. दारापाशी पावलं आली, अडखळली, आणि कुणीतरी घसा साफ केला.

"कारण बाहेर चपला काढतंय," मी म्हणाले.