गुंडूआबांचं ताट

पितृपक्षातल्या म्हाळाच्या भाज्या आणायला म्हणून हंबीरराव सकाळीच गडमुडशिंगीहून कोल्हापुरात गेले. मंडईत गवार, भोपळा, कारली, अळूची पानं पिशवीत भरली आणि येता येता कचेरीत डोकावले. पणजोबांच्या, म्हणजे गुंडूआबांच्या कागदांच्या नकला तयार असल्याचा निरोप होता. पहिल्या महायुद्धात बसऱ्याला जाऊन जिवंत परत आलेला शिपाई, अशी गुंडूआबांची गावात ख्याती. वेशीवरच्या नव्या कमानीवर त्यांचं नाव कोरायचं ठरलं होतं, आणि ते ठरावं म्हणून हंबीररावांनी वर्षभर चपला झिजवल्या होत्या. दगड तयार होता. पुरावा तेवढा जोडायचा राहिला होता.

पुरावे मिळाले, एक सोडून तीन. फौजेच्या यादीत गुंडू बसऱ्यालाच तापानं मेला होता. गाव तेच, बापाचं नाव तेच. दुसऱ्या कागदावर तोच गुंडू पुढं कैक वर्षं पेन्शन खाऊन घरच्या खाटेवर वारला होता. तिसरा कागद गुंडूच्या बायकोचा, शालूबाईचा जबाब. ‘नवऱ्याची ट्रंक पोचवायला आलेला हा माणूस माझा नवरा नव्हे,’ असं आधी लिहिलेलं. खाली काही महिन्यांनी, वेगळ्याच अक्षरात: ‘हाच माझा नवरा. ओळखण्यात चूक झाली.’ शेजारी अंगठा. तो फरफटलेला होता, नकलेतसुद्धा दिसत होतं.

हंबीररावांनी तिथंच तिन्ही कागद पुन्हा वाचले. अडाणी नव्हते ते, सगळं कळलं. ज्याचं नाव आपण लावतो त्याच्या रक्ताचे आपण नाही, आणि ज्याच्या रक्ताचे, त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. घर, रान, बायको, सगळं गुंडूचं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात मात्र शहाणे निघाले! पेन्शनचा कागद खिशात गेला आणि बाकीचे दोन भाज्यांच्या तळाशी.

दुपारी ताटं मांडली. म्हाळाला पितरांच्या नावानं माणसं जेवायला बसवायची आणि पहिलं ताट गुंडूआबांचं, ही घराची रीत. त्या ताटावर बसणारा शेजारी तापानं झोपला होता, म्हणून जागा रिकामी होती. ओसरीवर हंबीररावांचे वडील, भाऊसो, भिंतीला टेकून बसले होते. गेल्या दिवाळीत त्यांचे डोळे गेले, म्हणून म्हाळाचं वाढणं यंदा पहिल्यांदाच हंबीररावांकडं आलं होतं.

दारात कुणीतरी पाय धुतल्याचा आवाज झाला. मग एक उंच, हाडं वर आलेला माणूस आत आला. ओल्या तंबूच्या कापडाचा आणि औषधाचा वास ओसरीभर पसरला.

“या पावणं, बसा की,” भाऊसो म्हणाले. “म्हाळ हाय. जेवल्याबिगार जायाचं न्हाय.”

पाहुणा त्या रिकाम्या जागीच बसला. आमटी, वडे, खीर, भात, सगळं वाढून झालं. भावकी जेवायला लागली. याचा हात मांडीवरच.

“घ्या की पावणं,” हंबीरराव म्हणाले.

“ताट कुनाच्या नावाचं हाय?”

“गुंडूआबांच्या.”

“कुटल्या…?”

हंबीररावांची मान खाली गेली. खरं बोलायला एक श्वास पुरला असता. पण समोर सगळी भावकी, आणि कमानीचा तो दगड.

“कुटल्या म्हंजी? येकच हुते,” ते म्हणाले. “हितंच गेले. खाटंवर.”

पाहुण्यानं ताटाकडं पाहिलं. फार वेळ पाहिलं. माणसाच्या नजरेत एवढी भूक हंबीररावांनी जन्मात पाहिली नव्हती.

“मग ह्ये माझं न्हवं,” तो हळूच म्हणाला. “तितं बी कुनी वाढलं न्हाय… मला वाटलं, हितं तरी…”

तो उठून गेला. कुणी मान वर केली नाही. पलीकडच्यानं खिरीसाठी वाटी पुढं केली.

“पावणं जेवलं का रं?” भाऊसोंनी विचारलं.

“जेवलं, अण्णा. पोटभर.”

पितरांच्या दिवशी दारातून माणूस उपाशी घालवला, वर आंधळ्या बापाला थाप मारली. हंबीररावांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

सगळे पांगल्यावर पाथरवटाचा फोन आला. “हंबीरराव, नाव घालू न्हवं?”

“घाल,” ते म्हणाले.

मागं भांडं वाजलं. भिंत न चाचपता भाऊसो थेट त्या न उष्टावलेल्या ताटाशी येऊन बसले होते. खिरीत पडलेली मुंगी त्यांनी बोटानं अलगद काढली.

“अण्णा… तुमाला दिसतंय?”

“दिसतंय की. त्येचं त्वांड बघवंना, म्हून डोळं गेलं म्हनालो.” भाऊसोंनी वर पाहिलं नाही. “माझा बा बी त्येला खोटंच बोलला हुता. मी बी दरसाली त्येच बोललो. वाढनं हाती आलं की मगच त्यो दिसाय लागतो. वाटलं, तू शिकलेला… तू तरी सांगशील.”

हंबीररावांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

“औंदा लई वाळलाय त्यो,” भाऊसो म्हणाले. “पुढल्या साली त्येला ह्यो उंबरा वलांडायचा न्हाय.”

“मग?”

“मग आपल्यातल्याच कुनीतरी ताट घिऊन जायाचं… त्येच्याकडं.”

मेलेल्याकडं जायची वाट एकच, हे हंबीररावांना कळून चुकलं. भाऊसोंनी ताट झाकून त्यांच्या हातात दिलं. दुपार केव्हाच कलली होती, तरी ते चटका बसावा इतकं गरम होतं.