सेक्टरखालचा बांध

खाडीकाठचं एकूणएक भूत मला नावानिशी ओळखतं, पोरांनो. खरं म्हणाल तर मी एकही पाहिलेलं नाही. रात्री अंगणात जायचं तरी बायकोला पुढं घालतो. पण आपल्या गावच्या वामनचं झालं ते खरं. टीव्ही बंद करा.

शहरं कशी वाढतात? तुमच्या पुस्तकात नदी, बंदर, व्यापार असलं काहीबाही असेल. मी चौथी नापास. आपल्या बेलापुरात साहेब आले, नकाशावर पट्टी ठेवून रेघा मारल्या, खारजमिनीवर डंपर रिकामे केले आणि म्हणाले, झालं शहर! समुद्राला कुणी विचारलं?

त्याच भरावावर वामनला प्लॉट मिळाला. गड्यानं होतं नव्हतं ते घालून किराणा दुकान बांधलं. साल पंच्याण्णव, सर्वपित्री अमावास्या. सकाळी घटस्थापनेला उद्घाटन; तांदूळ-साखरेच्या गोणी आत रचलेल्या. तुर्भ्याहून झेंडूची फुलं घेऊन तो स्कूटरवर येत होता. रात्रीचे साडेबारा. उधाणाची भरती.

दुकानाच्या रस्त्यावरचे दिवे गेलेले. अंधारातून हाक आली, "खांड पडली रं! चिखल आना!"

हाक त्याच्या लहानपणची. समुद्र अडवणाऱ्या खारबांधाला भरतीनं खांड, म्हणजे भगदाड, पडलं, की ती ऐकून घरटी एक माणूस धावायचा आणि रांगेत उभा राहून आपल्यापुढची जागा चिखलानं बुजवायचा. जो येत नसे, त्याच्या घरून कुणी विस्तवसुद्धा नेत नसे.

पण आता बांध कुठला? वर डांबर, खाली डबर.

हेडलाइटमध्ये वाकलेल्या पाठी दिसल्या. रस्ताभर. चिखल थापत होत्या.

"वामन्या, ये. तुजी जागा ठेवलीय."

"घरी जा, म्हाताऱ्यांनो! चढलीय का? इथं सिटी झालीय, सिटी! समुद्राला कधीच नोटीस गेली!"

एकानं मान वर केली. पोपटकाका. आठ वर्षांमागं वामननंच त्यांच्या तिरडीला खांदा दिला होता.

"तुजी सिटी कशावर उभी हाय रं, पोरा?"



काकांनी चिखलाचा गोळा पुढं केला. पाणी ठिबकत होतं... मागं खाडी... आवाज नाही...

त्यानं स्कूटर वळवली.

घरी येऊन गोधडीत शिरला. दात वाजत होते, तरी ऐट गेली नाही. बायकोला, पुतळाला, सगळं सांगून म्हणाला, "अडाणी ते मेल्यावरही अडाणीच. मी काय चिखलात हात घालू?"

सकाळी दोघं दुकानावर गेली. डांबरी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गुडघाभर बांध. ओला. बोटांचे ठसे उठलेले. आजूबाजूच्या बिल्डिंगी कोरड्या ठाक. फक्त वामनच्या शटरसमोर खांड, एका माणसाच्या रुंदीची. तिच्यातून पाणी आत गेलेलं. तांदूळ फुगला होता, साखर खाडीनं नेली होती.

वामन बोंबलला, "अख्खा रस्ता बुजवला मेल्यांनी! माझ्याच दारात भोक का ठेवलं?"

पुतळानं पदर खोचला.

"तितं उभं कोन रायचं व्हतं?"