बर्फात आलेलं रक्त

शहाण्णव सालच्या एका मंगळवारी सकाळी कपिल मिरजेच्या प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. साताऱ्याहून एस.टी.नं आलेला, काखेत थर्मास, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा थाट. तिथं संशोधन करणाऱ्या ऋचानं झाकण उघडलं. आत रक्ताच्या नळ्या, आणि नळ्यांभोवती चक्क बर्फ!

लस बर्फात ठेवायची, हे कपिलनं दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून घोकलेलं. मग रक्ताचे लाड कमी का करा? पण हे रक्त होतं कर्करोगावरची नवी लस टोचलेल्या आक्काताईंचं. त्या लशीनं पांढऱ्या पेशी झुंजायला जाग्या होतात का, हे ऋचा वर्षभर तपासत होती. त्या पेशींना गारठा मुळीच सोसत नाही.

निळा रंग टाकला की सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. तिला सगळीकडे निळंच दिसलं. तिसऱ्या डोसनंतरचा हा एवढाच नमुना. तो गेला की वर्षाची मेहनत पाण्यात. तरी कपिलचा उतरलेला चेहरा बघून तिनं ठरवलं, प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांपुढे त्याचं नाव घ्यायचं नाही.

कपिल तिच्याआधीच सरांकडे गेला. बर्फ मीच घातला, म्हणाला. सरांनी चांगलंच फैलावर घेतलं. मग त्यानं आक्काताईंचं गाव गाठून त्यांनाही तेच सांगितलं. म्हातारीनं आधी शिव्या घातल्या, मग पुन्हा रक्त द्यायला हात पुढं केला. या खेपेला थर्मासात बर्फाचा खडाही नव्हता.

नव्या रक्तातल्या पेशी वाढायला ठेवल्या, आणि पाच दिवस ऋचाला अन्न गोड लागलं नाही. सहाव्या दिवशी तिनं भिंगातून पाहिलं… पेशी टपोऱ्या झाल्या होत्या, घोळक्यानं जमल्या होत्या. आक्काताई बऱ्या होतील का, ते आत्ता कोण सांगणार? पण पेशी जाग्या झाल्या होत्या! तिनं कपिलला बोलावलं.

"आमच्या आक्काताईंच्या?" त्याचे डोळे भरून आले. "म्याडम, लय भारी…"

"ऋचा म्हण."

तो गडबडला. "नुसतं ऋचा? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. बाबाही विचारतील, पोरात काय पाहिलंस म्हणून…" तिची मान ताठ होती. "सांगेन, कुणी विचारलं नसताना यानं स्वतःची चूक कबूल केली. मला हाच माणूस हवा."

कपिलनं डोळे पुसले.

"मग… कवा येऊ घरी?"

"रविवारी," ती म्हणाली. "आणि तुझ्या आईंना घेऊन ये."